मिसेस एच. दळवी

रत्नागिरी,
९ जानेवारी

प्रिय हफी,

तुझं पत्र आणि सोबतचं ते रंगीत पत्रक, दोन्ही पोचली. पत्र दोनदा वाचलं. पत्रक एकदाच वाचलं आणि घडी घालून कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं. आता कपाट स्थिर आहे. पत्रकाचा एवढा उपयोग मान्य.

'हिमाचल दर्शन! दहा दिवस, अकरा ठिकाणं! सोबत आपला कोकणी आचारी!' सावर्ड्याचे कोण ते रावजी महाडिक, त्यांना म्हणावं, दहा दिवसांत अकरा ठिकाणं योग्यांना जमतात, गुडघ्यांच्या रोग्यांना नाही. समोरची सगुणा आणि तिचे आप्पा असल्याच एका सहलीला जाऊन आले. मी विचारलं, "काय पाहिलंत?" सगुणा म्हणाली, "रोज सकाळी कांदेपोहे, विमलताई! घरच्यासारखे!" आप्पा म्हणाले, "आणि पाणी? कढत! नाव ठेवायला जागा नाय." डोंगर कसे होते विचारल्यावर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. बसमध्ये म्हणे गाण्याच्या भेंड्या होत्या, त्यामुळे खिडकीबाहेर बघायला सवड झाली नाही.

कांदेपोहे खायला मी हिमालयात जायचं?

आठवीत हजेरीच्या यादीत 'दळवी एच.' नंतर 'दळवी व्ही.' येत असे, म्हणून सिस्टर अ‍ॅग्नेसनी आपल्याला एका बाकावर बसवलं. कोकणात दळवी तुमच्यात आणि आमच्यातही, हे त्या बिचारीला समजावता समजावता सहामाही गेली. तू चुलतभावाशी लग्न करून दळवीची दळवी राहिलीस, मी कुणाशीच न करून. त्या बाकावर ठरलं होतं की दोघींनीच डोंगर बघायला जायचं. मग तुझी पोरं झाली, माझं कोर्ट झालं. चौतीस वर्षं मी वकिलांचं आणि साक्षीदारांचं बोलणं टिपून घेतलं. आता माझ्या मनासारखं एक वाक्य मला बोलायचं आहे, आणि ते असं : आपण आपलं आपण जाऊ.

जूनमध्ये अनस तुला मस्कतला नेणार, तेही कायमचं. कमालभाईंच्या माघारी राजापूरच्या घरात तू एकटी, हे मला दिसतं, त्यात मी बोलणार नाही. पण मग आपल्या हातात हा एकच उन्हाळा उरतो. बारा एप्रिल ते बावीस मे. एकेका गावात पाच-सहा दिवस, कुणाच्या तरी घरातली खोली, सकाळी मनाला येईल तेव्हा उठणं. शिट्टी नाही, झेंडा नाही, मुंडकी मोजणं नाही.

आणि कमालभाईंसारखं करू नकोस. तुला घाटावर थंड हवेच्या ठिकाणी घेऊन गेले आणि त्याच संध्याकाळी परत! कारण काय, तर 'हवा बरी नाय'! इथल्या घामाला सोकावलेला माणूस. मी त्यांना वर्षभर चिडवलं होतं, आठवतं?

फोन तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरच्या अर्ध्या वाक्यांना मी पत्र मानत नाही. तेव्हा टपालानेच कळव, आणि लवकर.

तुझी,
विमल


राजापूर,
१७ जानेवारी

प्रिय विमल,

सलाम. तुझं पत्र वाचून एकटीच हसले. शेजारच्या बाईला वाटलं, माझं डोकं फिरलं.

आठवीतलं सगळं आठवतं. पण विमल, तेव्हा आपण तेरा वर्षांच्या होतो. आता माझा डावा कान पूर्ण गेला आहे, उजव्या कानाशी ओरडावं लागतं. परक्या गावात कुणी काही विचारलं आणि मी भलतंच उत्तर दिलं तर? बॅगा आहेत, जिने आहेत, माझी औषधं आहेत.

रावजी महाडिक माणूस बरा आहे. कमालच्या ओळखीचा. कमाल कुवेतहून सुट्टीवर यायचा तेव्हा मुंबईपासूनच्या गाडीची सोय तोच करायचा. परवा घरी येऊन गेला. चहा घेतला, माझ्या हातची खारी खाल्ली आणि म्हणाला, "भाभी, माझ्या बसमध्ये चढला तो माझा पावणा. फॉर्म एकदा भरायचा, सीट नंबर घ्यायचा, संपलं. हॉटेलवर पोचल्यावर सगळ्यांची कागदपत्रं घेऊन मी आत जातो. तुम्ही बसमध्ये बसून राहायचं. मी किल्ली आणून हातात देणार." त्याने आपल्यासाठी एकवीस आणि बावीस नंबर धरून ठेवलेत, खिडकीची सीट तुझी. महिनाअखेरीपर्यंत कळवायचं आहे.

दहा दिवसच आहेत, कबूल. पण दहा दिवस तर आहेत ना? जेवण शाकाहारी असतं, म्हणजे माझाही काही प्रश्न नाही. कुठे काउंटरवर उभं राहायला नको, कुणाला काही सांगायला नको. भेंड्या लागल्या तर तू माझ्यासारखी बहिरी हो.

अनस म्हणतो, अम्मी, ग्रुपबरोबर जात असशील तर जा. सूनबाईने, रुबिनाने, माझ्यासाठी लोकरीची टोपी पाठवली आहे. मस्कतमध्ये लोकरीची टोपी कुठे मिळाली अल्ला जाणे.

ऐक माझं, विमल. या वेळेला ऐक.

तुझी,
हफीजा


रत्नागिरी,
२३ जानेवारी

प्रिय हफी,

एकेक मुद्दा घेते. साक्षीदाराने एका दमात पाच कारणं सांगितली की त्यातलं एकही खरं नसतं, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले.

कान : मी आहे. चाळीस माणसांची बस गप्प करणाऱ्या बाईला तुझ्या उजव्या कानाशी बोलायला कितीसा आवाज लागणार? बॅगा : दोन साड्या कमी घेऊ. औषधं : तुझ्याहून माझी जास्त आहेत, डबा मोठा आणते. जिने : तळमजल्याचीच खोली मागू. जेवण : तू माझ्याकडे पन्नास वर्षं जेवते आहेस, अजून मेली नाहीस.

आता उरलेलं एक कारण, जे तू लिहिलं नाहीस. तुला सवय लागली आहे. कमालभाई कुवेतमध्ये तीस वर्षं, आणि तू राजापुरात त्यांच्या पत्राप्रमाणे वागत आलीस. दाराला कुठला रंग, पोराला कुठली शाळा. ते गेले तर आता अनस. अनस नाही तर रावजी. तुला हाकायला कुणीतरी लागतं, हफी. किल्ली हातात ठेवायला लागतं. बसमध्ये बसून राहायचं म्हणे! बासष्टाव्या वर्षी एखाद्या काउंटरवर उभं राहून स्वतःचं नाव सांगायला बाईमाणसाला भीती वाटावी? सिस्टर अ‍ॅग्नेसनी आपल्याला काय शिकवलं? ताठ उभं राहायचं, पूर्ण नाव सांगायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं.

मी कडू बोलते, ते तुला माहीत आहे. पण तू महिनाअखेरीपर्यंत हो-नाही करत बसशील आणि त्या सीटमध्ये आपण अडकू, म्हणून मीच आज रावजींना पत्र टाकलं. आम्हा दोघींच्या वतीने आभार, एकवीस आणि बावीस नंबर दुसऱ्या कुणाला द्यावेत.

रागावलीस तर रागाव. मे महिन्यात देवदारांखाली बसून माझे आभार मानशील.

तुझी,
विमल


राजापूर,
३ फेब्रुवारी

प्रिय विमल,

रावजींचा निरोप आला. दोन्ही सीट खेडच्या एका जोडप्याला दिल्या. बस भरली.

ठीक आहे. तू म्हणतेस तसं करू.

खोल्या कुणाच्या नावावर घेणार आहेस?

हफीजा


रत्नागिरी,
२० फेब्रुवारी

प्रिय हफी,

झालं! सात गावं, सात घरं, चाळीस दिवस. दोन आठवडे लॅपटॉपवर ई-मेल टाइप करते आहे. हाताला जुना वेग आला. एका सफरचंदाच्या बागेतलं घर आहे, एक नदीकाठचं आहे, एका ठिकाणी मालकीणबाई स्वतः लोकर विणतात. सगळ्या खोल्या तळमजल्यावर. यादी सोबत जोडली आहे. भिंतीला लाव आणि रोज सकाळी माझं कौतुक कर.

तू विचारलं होतंस म्हणून सांगते. त्या प्रश्नाचं मला आधी हसू आलं. मग पहिल्याच घराने दोघींची नावं आणि नातं मागितलं, आणि मी थांबले. मी वर्तमानपत्र वाचते, हफी. हल्ली कुणाच्या डोक्यात काय असेल सांगता येत नाही, आणि प्रवासात उगाच कटकट नको. तेव्हा तोडगा काढला. सातही ठिकाणी एकच मजकूर : 'मिस व्ही. दळवी आणि भगिनी मिसेस एच. दळवी, रत्नागिरी.' आडनाव एकच असल्याचा पन्नास वर्षांत पहिल्यांदा उपयोग झाला! ओळखपत्रं विचारली तर पोचल्यावर दाखवू म्हणून कळवलं. एकदा सामानासकट दारात उभं राहिलं की कोण काय बोलतंय? मी पुढे असेन. माझंच कार्ड पुढे करीन आणि इंग्रजी सुरू करीन. तू मागे बॅगांपाशी थांब.

टोपी पॅक करून टाक. मी बूट घेतले.

तुझी,
विमल


राजापूर,
२२ मार्च

प्रिय विमल,

तुझी तीन पोस्टकार्डं आली. उत्तर दिलं नाही म्हणून तू चिडली आहेस. मी आजारी नाही. चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा फाडलं.

कमालला त्या घाटावरची हवा बाधली नव्हती.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून गेलो होतो. तीन दिवस राहणार होतो, मी नवा शालू घेतला होता. पहिल्या लॉजवर खोल्या होत्या. मुलाने किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग कमालचं कार्ड हातात घेऊन वाचलं, आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, "सॉरी चाचा, बुकिंग होतं, माझ्या लक्षात नाही आलं." किल्ली परत खणात ठेवली. दुसऱ्या लॉजवर तेच. तिसऱ्या ठिकाणी कमालने मला बॅगांपाशी उभं राहायला सांगितलं आणि एकटा आत गेला. मला ऐकू येत नाही, पण काचेतून दिसत होतं. तो हसून बोलत होता. कुवेतमध्ये तीस वर्षं साहेबांशी हसून बोलला तसाच. मग त्याने हसणं थांबवलं.

बाहेर येऊन म्हणाला, "चल, हफीजा. हवा काय बरी नाय हिथली." दुपारच्या एसटीने आम्ही परत आलो. सगळ्यांना तो तेच सांगत राहिला, आणि तू वर्षभर चिडवलंस तरी हसत राहिला. मला म्हणाला होता, विमलला सांगू नको, ती कोर्टात जाईल.

म्हणून मला ती बस हवी होती. नाव एकदाच सांगायचं, तेही रावजीला, ज्याने माझ्या घरी खारी खाल्ली आहे. नंतर मी बावीस नंबर. मला हाकायला माणूस नको होता, विमल. मधे उभा राहणारा माणूस हवा होता. आणि ते तुला लिहिण्यापेक्षा कानाचं आणि जिन्याचं लिहिणं सोपं होतं. तुला ओळखू आलं की ती कारणं खोटी आहेत. खरं कोणतं ते ओळखू आलं नाही.

तरी मी हो म्हटलं होतं. म्हटलं, विमल बरोबर आहे, ताठ उभी राहते, पूर्ण नाव सांगते. एखाद्या दारातून परत फिरलो तर फिरलो. या वेळेला निदान चिडायला माझ्याबरोबर कुणीतरी असेल. मग तुझी यादी आली.

सात घरं, आणि सातही घरांना मी माहीत नाही. अजून कुणी नाही म्हटलेलंसुद्धा नाही आणि तू माझं नाव काढून टाकलंस. वर लिहिलंस, मागे बॅगांपाशी थांब. कमालनेही तेच सांगितलं होतं, पण त्याला तीन दारं बघून ते सुचलं. तुला एकही न बघता.

तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून तर चार कागद फाटले. तू परकी असतीस तर एकात काम झालं असतं.

अनस जूनपर्यंत थांबायला तयार होता. मी त्याला सांगितलं, आता ये. आठ एप्रिलचं विमान आहे. सहाला मुंबईला जाणार.

हफीजा


रत्नागिरी,
२६ मार्च

हफी,

रावजींना भेटायला सावर्ड्याला जाऊन आले. माझं पत्र त्यांनी फाइलला लावून ठेवलं आहे. मलाच वाचायला दिलं. 'आम्हा दोघींच्या वतीने.' म्हणाले, "बाय, तुम्ही दोघींचं लिवलंत, म्हणून मी भाभींना परत विचारलं पण नाय." बस भरलेली आहे. मेच्या सहलीत जागा होईल म्हणाले. मेमध्ये तू नसशील.

तिकीट पुढे ढकलता येईल का? दहा दिवस, आठ दिवस, कुठेही, कशीही. भेंड्यासुद्धा चालतील.

रविवारी येते. एसटीने. येऊ नको म्हणालीस तरी येते.

विमल


रत्नागिरी,
२१ एप्रिल

प्रिय हफी,

हे पत्र मस्कतच्या पत्त्यावर टाकते आहे. किती दिवसांनी पोचेल, पोचेल की नाही, माहीत नाही.

त्या रविवारी तुझ्या ओटीवर पंधरा माणसं होती. अनस बॅगांचं वजन करत होता, नणंदा रडत होत्या, तू सगळ्यांना सांदण वाढत होतीस. मलाही वाढलंस. तुझ्या उजव्या कानाशी मला दोन वाक्यं बोलायची होती. पण तुला ऐकू जाण्यासाठी ती ओरडावी लागली असती, आणि ती पंधरा माणसांत ओरडण्यासारखी नव्हती. तू विचारलंस, "सांदण गोड झालंय का?" मी मान हलवली. चाळीस माणसांची बस गप्प करणारी बाई सांदण खाऊन परत आली.

माझा संताप तुला ठाऊक आहे. त्या लॉजवाल्यांचा आला, तिन्ही काउंटरवाल्यांचा आला, कमालभाईंचासुद्धा आला, की मला का नाही सांगितलं. मग कळलं, सांगितलं असतं तर मी त्या लॉजवर धावून गेले असते आणि येऊन तुम्हाला तोच किस्सा चारदा ऐकवला असता.

नऊ तारखेला सात घरांना 'येत नाही' म्हणून कळवायला बसले. कळवलं नाही. त्याऐवजी प्रत्येकाला लिहिलं की आधीच्या पत्रात नावं अपुरी होती आणि नातं खोटं होतं. माझ्याबरोबर माझी शाळेतली मैत्रीण आहे, हफीजा कमाल दळवी, राजापूर. चालणार असेल तर कळवा. तू विमानात बसून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी. फेब्रुवारीत हेच करायला मला किती वेळ लागला असता? शाईसुद्धा लागली नसती.

एका घरात अचानक रंगकाम निघालं. एकाची खोली भावाच्या लग्नासाठी हवी आहे. एकाने उत्तर दिलं नाही. ही तीन मी धरूनच चालले होते. सातही उत्तरं अशीच आली असती तर मी ताठ मानेने तुला लिहिलं असतं, बघ, मी म्हणत होते ना जग असंच आहे.

पण चौघांनी 'या' म्हटलं.

सफरचंदवाल्यांनी एका ओळीत लिहिलं, स्वागत आहे. लोकरवाल्या बाईंनी विचारलं की मैत्रिणीला थंडी किती सोसते. चार घरं म्हणजे चोवीस दिवस, हफी. रावजींच्या बसचे दहा, माझे चोवीस. ते चोवीस दिवस होते. तिथेच होते. मी आधीच ठरवून टाकलं की नाहीत, आणि तुझं नाव झाकून ठेवलं. त्या तीन घरांना जे वाटलं ते त्यांनी तुझं नाव वाचल्यावर तरी केलं.

त्या चौघांपैकी तिघांना मी नंतर नकार कळवला. नदीकाठच्या बाईंना अजून लिहिलेलं नाही. बारा मेपासून सहा दिवस त्यांच्याकडे होतो आपण. त्यांचं उत्तर सर्वांत लांब आहे. लिहितात, बरं झालं आधी सांगितलंत, आमच्याकडे तुमच्या मैत्रिणीला चालेल असं मटण मिळणार नाही, पण नदीत ट्राउट मासा मिळतो, तो चालेल ना? आणि कोणत्या गाडीने येता ते कळवा. रस्त्यापासून घरापर्यंत उतार आहे, दोघींचं सामान घ्यायला त्या माणूस पाठवतील.

दहा दिवस झाले त्या पत्राला. रोज लॅपटॉप उघडते, त्यांचं नाव टाइप करते, आणि पुढे हात चालत नाही. काय कळवू त्यांना?

तुझी,
विमल